तारेवरचे वायसर

सम्राटला गॅरेजमध्ये मीच आणलं. हे आधीच सांगून मोकळा होतो, नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल की सोपानला तो पहिल्या दिवसापासूनच नको होता. तसं नव्हतं. तो आमच्याच वस्तीतला. चार वर्षं नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत, डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होता. ते वर्कशॉप बंद पडलं आणि हा घरी येऊन बसला. त्याची आई कडूबाई एक दिवस सकाळीच माझ्या दारात आली. म्हणाली, "सोपानभाऊ, उस्तादांच्या कानावर घाला की. हात लई चांगला हाय त्याचा." मी घातलं. चांगल्या तोऱ्यात घातलं. आपल्या शब्दावर एखाद्याला काम मिळतं, याचं माणसाला बरं वाटतंच.

उस्ताद म्हणजे बाबाजान मिस्त्री. राहुरीत नगर-मनमाड रस्त्यावर त्यांचं गॅरेज. मी तिथे वयाच्या अठराव्या वर्षी लागलो आणि ही गोष्ट घडली त्या शहाण्णव साली मला तिथे बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षांत उस्तादांनी मला शिव्या दिल्या, चहा दिला, ईदला शिरखुर्मा दिला, माझ्या लग्नात वाजंत्री लावली. पण "सोपान, काम चांगलं केलंस" असं एकदाही म्हटलं नाही. मला वाटायचं, त्यांचा स्वभावच तसा. मग सम्राट आला आणि तीन महिन्यांत उस्ताद त्याला "बेटा" म्हणायला लागले. तेव्हा कळलं की स्वभाव वगैरे काही नाही. तोंडात शब्द होते, फक्त ते माझ्यासाठी नव्हते.

माझं पोट तेव्हापासून दुखायला लागलं. वैद्याकडचं दुखणं नव्हतं ते.

आता आमच्या गॅरेजचा एक कायदा सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. डिझेल इंजिनात दर सिलिंडरच्या डोक्यावर एक नोझल असतो. तो डिझेलचा फवारा आत सोडतो. हा नोझल ज्या भोकात बसतो त्याच्या तळाशी तांब्याचा एक पातळ वायसर असतो, आठ आण्याच्या नाण्याएवढा. नोझल काढला की कधी वायसर त्याच्याबरोबर बाहेर येतो, कधी भोकातच चिकटून बसतो. आणि तो काजळीनं इतका काळा झालेला असतो की वायसर आहे हेच ओळखू येत नाही, भोकाचा तळच वाटतो. त्याच्यावर नवा वायसर टाकून नोझल बसवला की नोझल थोडासा वर राहतो, फवारा भलत्याच जागी उडतो आणि गाडी काळा धूर ओकायला लागते. चांगले चांगले मिस्त्री यात फसलेत.

म्हणून उस्तादांचा कायदा असा, की नोझल काढले की जुने वायसर आधी तारेत ओवायचे. सिलिंडर चार तर तारेत वायसर चार. ते मोजायचे, आकडा मोठ्यानं बोलायचा आणि मगच नव्या वायसराला हात लावायचा. तार गाडीच्या आरशाला अडकवून ठेवायची. काम झालं, गाडी जायला निघाली की तार उस्तादांच्या हातात द्यायची. ते जुने वायसर पत्र्याच्या डब्यात टाकायचे. बाकीचे गॅरेजवाले आम्हाला हसायचे, म्हणायचे बाबाजानच्या गॅरेजात गाड्यांना मंगळसूत्र घालतात.

सम्राट आल्यावर मी एक गोष्ट पाहिली. त्यानं तार आणून दिली की उस्ताद ती मांडीवर घ्यायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून एकेक वायसर बोटांनी चाचपायचे. एक, दोन, तीन, चार. मग एखाद्यावरची काजळी अंगठ्यानं घासून त्याला दाखवायचे, "हा बघ बेटा, हा एका बाजूनं जळलाय, म्हंजी नोझल तिरका बसला होता." दोघांची डोकी एकाजवळ एक. दहा दहा मिनिटं चालायचं ते. आणि माझी तार? मी ती पुढे केली की ते बघतही नसत. एका हातात चहाची बशी, दुसऱ्या हातानं तार उलटी करायची, सगळे वायसर डब्यात. खळ्ळ. बावीस वर्षं माझ्या वाट्याला ते खळ्ळ. मी खरंच सांगतो, तो आवाज ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

डिसेंबरात राहात्याहून चांगुणाबाईंची व्हॅन आली. नवरा गेल्यावर ती व्हॅन बाईंनी विकली नाही, दिराला, कारभारीला, स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसून पेरूची वाहतूक सांभाळली. राहात्याच्या बागांमधून पेरू उचलायचा आणि नगरच्या मार्केटला टाकायचा. बाई बोलायला फटकळ, पण शब्दाची पक्की. त्यांनी उतरल्या उतरल्याच सांगितलं.

"बाबाजानभाऊ, गुरुवारी तुमच्या राहुरीत आरटीओचा पासिंगचा कॅम्प हाय. मागल्या खेपेला सायबानं धूर बघून गाडी माघारी लावली. आता न्हाई झाली तर पुढला कॅम्प महिन्यानं. तवर पेरू संपला. पाच बागवाल्यांना मी शब्द दिलाय. ते माझ्यासाठी थांबनार न्हाईत, दुसऱ्याला माल देतील आनि पुढल्या साली बी त्यालाच देतील."

म्हणजे मंगळवार, बुधवार असे दोन दिवस आमच्या हातात. कारभारीनं गाडी रेस केली. मागून असा काळा लोट निघाला की शेजारच्या भजीवाल्यानं कढईवर झाकण टाकलं.

पांढरा धूर निघाला तर डिझेल न जळता जातंय, निळा निघाला तर ऑईल जळतंय, काळा निघाला तर डिझेल जास्त आणि हवा कमी, हे मला विसाव्या वर्षी कळत होतं. मी एअर फिल्टर उघडला. त्यात धूळ आणि उसाचं पाचट अर्धा शेर निघालं. गळिताचा हंगाम, रस्त्यावर सगळ्या उसाच्या ट्रॉल्या, दुसरं काय निघणार? फिल्टर साफ केला, धूर थोडा कमी झाला. मी उस्तादांकडे पाहिलं. ते सम्राटकडे पाहत होते.

सम्राटनं सीटांमधलं इंजिनाचं झाकण काढलं. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाईपाचा नट ढिला करायला लागला. नट ढिला केला की त्या सिलिंडरचं डिझेल बंद होतं. त्यावर धूर कमी होतो का, आवाज बदलतो का, हे बघायचं. त्यानं चारही नट पाहिले आणि म्हणाला, "उस्ताद, चारी नोझल ठिबकत्यात. फवारा न्हाई, थेंब पडतोय. माझ्या जुन्या शेठच्या भावाकडं नागापुरात टेस्टिंगचं मशीन हाय. संध्याकाळच्या एस्टीनं जातो, प्रेशर लावून सकाळी घेऊन येतो."

हे मला कळलं नसतं असं नाही. पण मी दुपारपर्यंत लावली असती आणि त्यानं पंधरा मिनिटांत सांगितलं. चार नोझल त्यानंच काढले, धुतलेल्या फडक्यात गुंडाळले, पिशवीत टाकले आणि स्टँडकडे पळाला. जाताना मला म्हणाला, "सोपानदादा, वायसर तेवढे काढून ठेवा." मला सांगत होता! ज्या पोराला मी कामाला लावला तो मला वायसर काढायला सांगत होता.

वायसर ओढून काढायचा, टोकाला वाकवलेल्या तारेचा आकडा घेऊन मी बसलो. एक नंबरचा निघाला. दोन नंबरचा निघाला. चार नंबरचा तर लगेच निघाला. तारेत तीन ओवले. तीन नंबरच्या भोकात आकडा घालणार, तेवढ्यात बाहेरून उस्तादांचा आवाज आला. बाकावर बसून ते चांगुणाबाईंना सांगत होते.

"म्हातारपनी नशीब काढलं बघा मी. असा हात मी आजवर बघितला न्हाई."

बघितला नाही? मग बावीस वर्षं हे काय बघत होते? माझे हात काय दोरीवर वाळत घातले होते? मी तिथे बसल्या बसल्या इतका जळलो की समोरचं काही दिसेना. आकडा खिळ्याला अडकवला, चारही भोकांत चिंध्या कोंबल्या, तार आरशाला टांगली आणि हात धुवायला गेलो. आकडा बोललो नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच बोललो नाही, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

बुधवारी सम्राट नोझल घेऊन आला. मी म्हटलं, आण इकडे, मी बसवतो. चार नवे वायसर टाकले, चार नोझल बसवले, पाईप आवळले, पाईपांतली हवा काढली. कारभारीनं चावी फिरवली.

आदल्या दिवशीपेक्षा वाईट. काळा धूर आणि वर इंजिन लंगडत चालल्यासारखा आवाज. चांगुणाबाई पदर नाकाला लावून मागे सरकल्या. सम्राटचा चेहरा पडला. उस्तादांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. थोड्या वेळानं म्हणाले, "तीन नंबर." सम्राटनं तीन नंबरचा नट ढिला केला. धूर झटकन कमी झाला.

"तुझा तीन नंबरचा नोझल बिघडलाय सम्राट," मी म्हणालो. माझ्या आवाजातला आनंद मलाच ऐकू आला.

"मशीनवर तर बरोबर हुता, दादा."

उस्ताद दुपारच्या नमाजाला गेले. सम्राट पाणी प्यायला गेला. मी गाडीत बसून हत्यारं पुसत होतो आणि सहज आरशाकडे नजर गेली. तारेवर तीन वायसर.

हातातला पाना मांडीवर पडला. सगळं एका क्षणात लक्षात आलं. तीन नंबरच्या भोकात जुना वायसर तसाच होता आणि त्याच्यावर मी नवा टाकला होता. उस्तादांच्या गॅरेजात, जिथे ही चूक होऊच नये म्हणून तार लावतात, तिथे ती मी केली होती.

अजून काही बिघडलं नव्हतं. हाक मारून सांगायचं, "अरे, माझ्याकडून राहिला." उस्तादांनी चार शिव्या दिल्या असत्या, कारभारी हसला असता, दहा मिनिटांत काम झालं असतं. पण मग गाडी सुटणार कुणाच्या नावावर? सम्राटच्या. नोझल त्याचे, बिघाड ओळखला त्यानं, आणि चूक तेवढी माझी. मी उठलो, डब्यातून एक जुना काळा वायसर उचलला, तार सोडवली आणि चौथा ओवला. इतक्या शांतपणे मी कधी काम केलं नव्हतं.

उस्ताद परत आले. त्यांनी तेच विचारलं जे विचारायला हवं होतं. "वायसर किती निघाले?"

मी तार वर धरली. "चार."

सम्राट म्हणाला, "उस्ताद, एक करू. दोन नंबरचा नोझल तीनला आनि तीनचा दोनला बसवू. धूर नोझलबरोबर दोनला गेला तर नोझल खराब. तीनलाच राहिला तर भोकात कायतरी हाय."

हा उपाय पक्का होता. मी धरला जाणार होतो. पण उस्ताद म्हणाले, "भोकात काय असनार? सोपान म्हनला चार, म्हंजी चार. त्याच्या हातनं ही चूक व्हायची न्हाई. तू तुझा नोझल बघ, सम्राट."

चांगुणाबाईंच्या समोर, कारभारीच्या समोर, त्या पोराच्या समोर म्हणाले. आणि या खेपेला "बेटा" म्हणाले नाहीत. मी ते बरोबर टिपलं. ज्या वाक्यासाठी मी बावीस वर्षं ताटकळलो ते वाक्य मला मिळालं, आणि ते खोट्या वायसरावर मिळालं. गोडही लागलं आणि घशात अडकलंही.

"मीच काढून देतो तीन नंबरचा," मी म्हणालो. नोझल काढला, नवा वायसर बाजूला ठेवला आणि सम्राट वाकून बघायच्या आत भोकात चिंधी कोंबली. तो नोझल घेऊन पुन्हा नागापूरला गेला.

संध्याकाळी उस्ताद दिवाबत्ती करत होते तेव्हा मी व्हॅनमध्ये एकटा होतो. चिंधी काढायची, आकडा घालायचा, वायसर ओढून खिशात टाकायचा. कुणाला कळलं नसतं. गाडी सकाळी पास झाली असती आणि माझी चूक जगात कुणाला माहीत झाली नसती. पण सम्राट नोझल घेऊन येणार, तो बसणार, धूर जाणार आणि उस्ताद म्हणणार, "बघा, रातीतून जाऊन दुरुस्त करून आनला माझ्या बेट्यानं." ते मला ऐकवलं नसतं. चांगुणाबाईंचा पेरू मला त्या घडीला आठवला का? आठवला. तरी मी आकड्याला हात लावला नाही. घरी गेलो, जेवलो, आणि बायकोनं विचारलं तेव्हा म्हटलं, काही नाही, सम्राटकडनं एक काम बिघडलंय.

गुरुवारी पहिल्या एस्टीनं तो आला. डोळे लाल. "उस्ताद, नोझल बरोबर हाय. तिथल्या मिस्त्रीनं बी दोनदा बघितला."

"मग बसवा आनि न्या. रांगेत नंबर लागायला हवा," उस्ताद म्हणाले. उन्हात त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून ते गॅरेजमध्येच थांबले. नोझल मीच बसवला. जाता जाता धूर थोडा कमी वाटला, पण तो वाटण्यापुरताच.

मार्केट यार्डामागच्या मैदानात कॅम्प होता. जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळी रांग. आमचा नंबर आला. मशीनवाल्यानं सायलेन्सरला नळी लावली, कारभारीनं तीनदा रेस दाबली. धुराचा आकडा पासष्टच्या आत यायला हवा होता. एक्क्याऐंशी आला.

साहेबांनी कागद परत केला. "दीड वाजेपर्यंत आहे मी. काही करता आलं तर करून आणा. नाहीतर पुढच्या महिन्यात."

चांगुणाबाईंनी कागदाची घडी केली. मग सम्राटकडे वळल्या. "अरे, येत न्हवतं तर आधीच सांगायचं हुतं. मी गाडी दुसरीकडं नेली असती. पाच बागा गेल्या माझ्या. दोन रोज तू नागापूरला नोझल घेऊन नुसता हिंडलास?"

सम्राट खाली बघत उभा राहिला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अगदी आतपर्यंत बरं वाटलं. आणि मग बाई कडेला दगडावर बसल्या, चष्मा काढून पदरानं डोळे पुसले, तेव्हा ते बरं वाटणं तसंच अंगावर राहिलं, ओल्या कपड्यासारखं.

"काकू, अजून एक तास हाय," सम्राट म्हणाला. माझ्याकडे न बघता त्यानं झाकण उघडलं, पाना घेतला आणि दोन आणि तीन नंबरचे नोझल स्वतः काढले. अदलाबदल करणार होता. मी म्हणालो, "इंजिन तापलंय, हात भाजंल." तो थांबला नाही. तीन नंबरच्या भोकात त्यानं बॅटरी मारली. वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खिशातून आकडा काढला. माझाच आकडा, खिळ्यावरचा. सकाळी गॅरेजातून निघताना त्यानं बरोबर घेतला होता.

वायसर निघाला. काळा, काजळीनं भरलेला. त्यानं तो तळहातावर ठेवला. मग मान वर करून आरशाकडे पाहिलं. तारेवर चार. मग माझ्याकडे पाहिलं.

मी वाट बघत होतो. आता ओरडेल. चांगुणाबाईंना बोलावेल, हातातला वायसर दाखवेल, म्हणेल की हा बघा तुमचा सोपानभाऊ. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. नक्की केलं असतं. त्यानं काही केलं नाही. नवा वायसर टाकला, नोझल बसवले, हवा काढली. मग आरशाची तार सोडवली, तो काळा वायसर तीत ओवला आणि तार पुन्हा टांगली. जुना वायसर निघाला की तारेत जायचा, उस्तादांचा कायदा. त्यानं तो पाळला, एवढंच.

दुसऱ्या खेपेला आकडा सेहेचाळीस आला.

"काय हुतं रे?" चांगुणाबाईंनी विचारलं. कागदावर शिक्का पडला होता.

"भोकात कचरा हुता, काकू."

मला त्याचा राग आला. तुम्हाला पटणार नाही, पण आला. हात त्याच्याकडे चांगला, उस्ताद त्याच्याकडे, आणि वर हेही त्याच्याचकडे असावं? मला अडचणीत टाकून तो बाजूला उभा राहिला असता तर मी त्याला मनातून खाली पाडू शकलो असतो. त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

परत येताना मी कारभारीच्या शेजारी बसलो होतो आणि तार माझ्या नाकासमोर हलत होती. पाच वायसर. खड्डा आला की वाजायचे. सम्राट मागे चांगुणाबाईंशी राहात्याच्या बागांबद्दल बोलत होता. मी हात वर केला आणि तार मुठीत धरली. पीळ सैल होता. एक वायसर सरकवून खिडकीबाहेर टाकायला किती वेळ लागतो?

"काय वो सोपानभाऊ?" कारभारी म्हणाला.

"काय न्हाई. वाजतंय."

गॅरेज येईपर्यंत मी ती तशीच मुठीत धरून बसलो. टाकला नाही. चांगुलपणानं नाही, मागे तो बसला होता म्हणून.

उस्ताद बाकावर बशीत चहा ओतत होते. "झालं?" त्यांनी विचारलं. चांगुणाबाईंनी पेरूची पाटी त्यांच्या पायाशी ठेवली. "झालं. पोरगा गुनाचा हाय तुमचा, मी उगाच बोलले त्याला," म्हणाल्या आणि उशीर नको म्हणून लगेच निघाल्या. व्हॅन रस्त्याला लागली. मागे धूर असा दिसलाच नाही. सम्राट नळावर हात धुवायला गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. हात धुवायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

काम माझं होतं, तार माझी. मी ती उस्तादांपुढे केली.

ते माझ्याकडे बघत नव्हते. एका हातात बशी होती. दुसऱ्या हातानं त्यांनी तार घेतली, सवयीनं पीळ सोडला आणि डब्यावर उलटी करायला गेले. तेच ते बावीस वर्षांचं. आता खळ्ळ होणार होतं आणि मी सुटणार होतो.

आणि त्या क्षणी मला कळलं की ते माझी तार का मोजत नाहीत. सम्राटची मोजतात, कारण तो नवा आहे, त्याला शिकवायचंय, त्याची खात्री अजून व्हायचीय. माझी मोजत नाहीत, कारण मी "चार" म्हटलं की चार. काल त्यांनी ते तोंडानं सांगितलंसुद्धा होतं. मी ज्याच्यासाठी जळत होतो ते मला रोज मिळत होतं, डब्यात पडत होतं, आणि मी त्याचा राग करत होतो.

"मोजा उस्ताद," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. "आँ?"

"माझी तार मोजा."

त्यांनी बशी खाली ठेवली. तार मांडीवर घेतली. पहिला वायसर बोटांनी चाचपला आणि काढला. एक. दोन. तीन. चार. पाचव्यावर बोटं गेली आणि थांबली. त्यांनी तो दोनदा फिरवला, अंगठ्यानं काजळी घासली. नळाचं पाणी वाहत होतं.

"गाडी चार सिलिंडरची," ते म्हणाले.

"व्हय."

"काल किती हुते?"

"तीन. चौथा मी डब्यातला घातला."

मला वाटलं, शिव्या देतील. मी शिव्यांसाठी तयार होतो, खरं तर मला त्या हव्या होत्या. त्यांनी पाचवा वायसर डब्यात टाकला नाही. तो बाकावर ठेवला, चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, "बाईची रोजी हुती ती, सोपान." एवढंच म्हणाले. मग आत गेले.

उस्तादांनी मला काढलं नाही. मी अजून तिथेच काम करतो. सम्राटनं त्या दिवसाबद्दल कधी तोंड उघडलं नाही, अजून "सोपानदादा"च म्हणतो.

पण पुढच्या आठवड्यात एका तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचं काम झालं तेव्हा मी तार नेऊन दिली आणि उस्तादांनी ती मांडीवर घेतली. एक. दोन. तीन. मग तिन्ही वायसर तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "बरोबर." पाठोपाठ सम्राटनं त्याची तार आणली. त्यांनी बशी ओठाला लावली होती. न बघताच तार घेतली आणि डब्यावर उलटी केली.

खळ्ळ.